हे त्यांना सांगू नका

सरकारी वकिलाच्या खोलीत दोन्ही भाषा कळणारं एकच माणूस असतं, आणि नेमकं त्यालाच स्वतःचं काही बोलायची परवानगी नसते. जर्मनीत नेकारसुल्मला राहून आसपासच्या जिल्ह्यांत मी ती खुर्ची बरीच वर्षं उबवली. मराठी आणि हिंदीची शपथबद्ध दुभाषी. नवरा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर, मी पुण्यात जर्मन शिकून आलेली. हे काम मी शोधलं नाही, तेच माझ्याकडे चालत आलं, कारण त्या भागात मराठी येणारं आणि न्यायाधीशासमोर हात वर करून शपथ घ्यायला तयार असणारं दुसरं कुणी नव्हतं. गावात सुईण एकच असली की ती चांगलीच असते, तशातला प्रकार.

लोक विचारतात, कोर्टात काय काय पाहिलंत? खरं सांगायचं तर कोर्ट मी फार कमी पाहिलं. माझं बहुतेक आयुष्य गेलं ते कोर्टाच्या अलीकडच्या खोलीत. प्रकरण कोर्टापर्यंत न्यायचं की नाही, हे त्या खोलीत ठरतं.

आपल्याकडे सरकारी वकील म्हटलं की काळ्या कोटात तावातावाने बोट नाचवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. जर्मनीत त्याचं खरं काम टेबलाशी चालतं. पोलिसांचा तपास त्याच्या देखरेखीखाली असतो. पुरेसा संशय असेल तर आरोप ठेवणं त्याला भागच असतं, दया आली म्हणून सोडता येत नाही. आता 'पुरेसा' म्हणजे किती? तर ह्या माणसाला उभं केलं तर तो सुटण्यापेक्षा दोषी ठरण्याची शक्यता जास्त आहे, असं सगळी फाइल वाचून प्रामाणिकपणे वाटणं. तसं नाही वाटलं तर फाइल बंद. गुन्हा किरकोळ असेल तरी बंद, कधी एखादी अट घालून. आणि आरोपीच्या बाजूचं जे काही असेल तेही शोधून काढणं कायद्याने त्याच्याच गळ्यात घातलेलं आहे. वर वरिष्ठ असतात, त्यांच्या वर मंत्रालय असतं. पण माझ्यासमोरच्या सरकारी वकिलांना निर्णय घेताना कुणाला फोन करताना मी पाहिलं नाही. विचारायचं ते स्वतःला, आणि ते जास्त त्रासाचं असावं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. बॉबलिंगेनच्या एका आयटी कंपनीतला पोरगा एस-बानमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, पुन्हा पुन्हा विनातिकीट सापडला, आणि प्रकरण दंडाच्या पलीकडे गेलं. खोलीत आल्या आल्या तो सरकारी वकिलांकडे न बघता माझ्याकडे वळला. "ताई, जरा समजावून सांगा ना त्यांना, आपण कुठल्या घरातले आहोत ते." आता दुभाष्याचा नियम असा, की समोरचा बोलेल ते सगळं, 'मी'च्याच रूपात, जसंच्या तसं सांगायचं. मी सांगितलं. सरकारी वकिलांनी चष्मा वर सारून फाइल चाळली आणि म्हणाले, "घराचा पत्ता आहे की इथे. बरोबर आहे ना?" पोरगा एवढासा झाला.

दुसरं प्रकरण दोन रूममेट्सचं. प्रेशर कुकर कुणाचा ह्यावरून जुंपली, आणि एकाने दुसऱ्याला "तुला बघून घेईन" म्हटलं. दुसऱ्याने सरळ धमकीची तक्रार ठोकली. ते प्रकरण फ्राउ हार्टविग ह्यांच्याकडे होतं. पन्नाशीच्या, उंच, कधी आवाज न चढवणाऱ्या सरकारी वकील बाई. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "काय बघून घेणार होतात?" मी मराठीत विचारलं. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "अहो, काहीच बघणार नव्हतो! म्हणतात तसं!" तेव्हाच्या कायद्यात भयंकर गुन्ह्याची धमकी असेल तरच ती धमकी. फाइल बंद झाली. जाताना बाई मला म्हणाल्या, "शब्द कागदावर येतो, सूर येत नाही. आणि मला निम्मा निर्णय सुरावर करायचा असतो."

ह्या गमती सांगून तुमची, वाचकांची, दिवाळी गोड करता आली असती. पण मला राहून राहून आठवते ती वत्सलाबाईंचीच केस. नावं मी बदलली आहेत.

वत्सलाबाई कराडच्या. मुलगा अमोल इथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये, सून मृणाल. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण मृणालची आई तिच्या लहानपणीच गेलेली. म्हणून सासूबाई व्हिजा काढून आल्या. बरोबर डिंकाचे लाडू, वावडिंग, बाळंतशेपा, आणि तेल लावून आंघोळ घालण्याचा चाळीस वर्षांचा सराव. मुलगी झाली. दोन महिन्यांची झाली आणि तिचं पोट दुखायला लागलं. संध्याकाळ झाली की ती पाय पोटाशी घेऊन किंचाळायची. आपल्या घरांत अशा वेळी काय करतात हे सांगायला नको. तव्यावर जुन्या लुगड्याची घडी गरम करायची आणि पोटाला शेक द्यायचा.

एका सकाळी अमोल, मृणाल आणि वत्सलाबाई बाळाला घेऊन दवाखान्यात धावत आले. पोटावर भाजल्याची जखम होती. जखमेची एक कड अगदी सरळ होती. डॉक्टरांचं म्हणणं, काही सांडलं तर डाग वेडावाकडा पसरतो, सरळ कड म्हणजे काहीतरी दाबून धरलंय. त्यांचं चूक नव्हतं. शेक म्हणजे दाबून धरणंच. पण शेक हा शब्द त्या इमारतीत कुणाला माहीत नव्हता. कपाळावरची काजळाची तीटसुद्धा आधी कुणीतरी मुका मार म्हणून लिहून ठेवली होती. दवाखान्याने युगेंडआम्टला, म्हणजे मुलांच्या संरक्षणाच्या कार्यालयाला कळवलं, त्यांनी पोलिसांना.

पोलिसांसमोर वत्सलाबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, हे माझं काम. भारतीय बाई म्हणून पोलिसांनी फोनवर हिंदीचा दुभाषी घेतला. वत्सलाबाईंचं हिंदी भाजीबाजारापुरतं. त्या म्हणाल्या, "मेरे हाथसे हुआ." जबाबात जर्मनमध्ये उतरलं, 'मी ते माझ्या हाताने केलं.'

युगेंडआम्टने अट घातली, आजीने त्या घरात राहायचं नाही. वत्सलाबाईंना बॉबलिंगेनला ओळखीच्या एका मराठी कुटुंबात ठेवलं. बाळ आईजवळ राहिलं. ह्या वाक्याकडे जरा लक्ष द्या, कारण सगळं त्यावर अवलंबून होतं. दोषी आजी, म्हणून बाळ आईजवळ.

फाइल फ्राउ हार्टविग ह्यांच्याकडे आली. दुसऱ्या कुणी तो जबाब वाचून आरोपपत्र लिहायला घेतलं असतं. बाईंना तो खटकला. भाजल्याच्या जखमेत 'माझ्या हाताने' कशाला येईल? त्यांनी वत्सलाबाईंना स्वतः बोलावलं, आणि ह्या वेळी मराठीची दुभाषी मागवली.

वत्सलाबाई नऊवारीवर मुलाचं जाड जाकीट घालून आल्या होत्या. मी सुरुवातीलाच नेहमीचं सांगितलं. "तुम्ही इथे जे बोलाल ते सगळं मी ह्यांना सांगणार. माझ्याशी म्हणून बोललात तरी सांगणार." त्यांनी मान डोलावली. मला पाहून त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मी त्यांना मावशी म्हणायचं मुद्दाम टाळलं. नातं जोडलं की दुभाष्याचं काम संपलं.

मग बाईंनी त्यांना हक्क सांगितला. बोलायचं नसेल तर गप्प बसू शकता, त्याचा तुमच्याविरुद्ध अर्थ काढला जाणार नाही, वकीलही घेऊ शकता. हे वाक्य मी शेकडो वेळा मराठीत सांगितलं असेल, पण ते आपल्या माणसाच्या पचनी पडलेलं कधी पाहिलं नाही.

"गप्प कशाला बसू?" वत्सलाबाई म्हणाल्या. "गप्प चोर बसतो."

आणि त्यांनी सांगितलं. बाळ रडत होतं, शेक द्यायला घेतला, फडकं जास्त तापलं. "माझ्या हातून झालं."

इथे मी परवानगी मागितली. भाषेबद्दल खुलासा असेल तर दुभाष्याला तेवढं बोलता येतं. मी म्हटलं, मराठीत 'हाताने' वेगळं आणि 'हातून' वेगळं. हाताने आपण भाकरी थापतो. हातून कप फुटतो, हातून पाप घडतं. जे करायचं नव्हतं तरी झालं, त्याला 'हातून' म्हणतात. फ्राउ हार्टविग ह्यांनी लिहिणं थांबवून ऐकलं. "म्हणजे ह्या शब्दातच हेतू नाही," त्या म्हणाल्या. "गेनाऊ, अगदी तेच," मी म्हटलं. त्यांनी मागचा जबाब पुढे ओढून त्यावर एक आडवी रेघ मारली. मला फार बरं वाटलं. हेतुपुरस्सर छळ कुठे आणि निष्काळजीपणा कुठे. किरकोळ दोष म्हणून फाइल बंद होणार, म्हातारी नातीला भेटून कराडला जाणार, असं मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं.

पण निष्काळजीपणा म्हटला तरी तो कसा झाला हे लिहावं लागतं. बाईंनी साधेपणाने विचारलं, शेगडी कशी पेटवलीत?

"बटण फिरवलं," वत्सलाबाई म्हणाल्या.

बाईंनी फाइलीतून पोलिसांनी काढलेला स्वयंपाकघराचा फोटो काढला आणि टेबलावर सरकवला. त्या घरातली शेगडी काचेची होती. सपाट काळी काच, त्यावर बोट टेकवायच्या खुणा, आणि मुलांनी लावू नये म्हणून आधी दाबून धरायची किल्लीची खूण. फिरवायचं बटण त्या शेगडीला नव्हतंच.

"कुठलं बटण, ते दाखवाल?"

वत्सलाबाईंनी फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आवाज खाली आणून, शेजारणीशी बोलावं तसं त्या बोलल्या. "ताई, त्या काचेला मी कधी हातच लावला नाही हो. ते मेलं मला लागतच नाही, मृणालच लावून द्यायची. मी आंघोळीला गेले होते. पोरीनंच शेक दिला, मी देते तसा. पण तिचं नाव आलं तर बाळ तिच्यापासून नेतील. अंगावर पितंय अजून. मी काय, महिनाभरात जाणार. हे त्यांना सांगू नका."

फ्राउ हार्टविग पेन हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. "बिटे?" त्या म्हणाल्या. म्हणजे, हं, सांगा.

सासवांच्या गोष्टी आपण जन्मभर ऐकतो. सुनेवरचा आळ स्वतःच्या अंगावर घेणारी सासू माझ्या शेजारी बसली होती, आणि तिला उघडं पाडायचं काम माझं होतं. मला रडू येत होतं. मी जर्मनमध्ये बोलायला लागले. "मी त्या काचेला कधी हात लावला नाही." 'मी'च म्हणायचं, असा नियम. "माझ्या सुनेनेच शेक दिला. तिचं नाव आलं तर बाळ नेतील." मी शेवटपर्यंत सगळं सांगितलं. शेवटचं वाक्यही सांगितलं. "हे त्यांना सांगू नका."

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग वत्सलाबाईंना एवढंच म्हणाल्या, की रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातल्या माणसाला वाचवायला कुणी खोटं बोललं तर इथला कायदा त्याला शिक्षा करत नाही, आणि सून त्या नात्यात बसते. हे मी मराठीत सांगितलं. वत्सलाबाई म्हणाल्या, "मला काय करायचीय माझी सुटका?" तेही मी सांगितलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये अमोल थांबला होता. आईच्या चेहऱ्याकडे बघून त्याला सगळं कळलं असावं. "आई, काय झालं? आई?" वत्सलाबाई खाली मान घालून जाकीट अंगावर ओढत होत्या. जाकिटाची चेन त्यांना लागत नव्हती, मी पुढे झाले तर त्या एक पाऊल मागे सरकल्या.

"तुम्ही आपल्यातल्या, म्हणून बोलले मी," त्या म्हणाल्या.

आजही तशी वेळ आली तर मी तेच करीन. दुभाषी एकदा निवडून सांगायला लागला की उद्या त्याच्यावर कुणी विश्वास ठेवू नये, निरपराध माणसानेही. हे सगळं मला पाठ आहे. तरी त्यांचं 'सांगू नका' आणि माझं पहिलं जर्मन वाक्य, ह्या दोहोंमधला क्षण मी किती वेळा पुन्हा जगले आहे, ते माझं मला ठाऊक.

दुसऱ्याच दिवशी युगेंडआम्टची माणसं आली. हा निर्णय सरकारी वकिलाचा नसतो, त्याने फक्त कळवायचं असतं, पण कळवणं टाळता येत नाही. बाळाला एका जर्मन कुटुंबात तात्पुरतं ठेवलं. मृणालला आठवड्यातून ठरावीक वेळा, एका बाईंच्या समोर, मुलीला भेटता यायचं. वत्सलाबाई व्हिजा संपल्यावर परत गेल्या. नात त्यांना शेवटची दिसली ती दवाखान्यातच.

मृणालला चौकशीसाठी बोलावलं तेव्हा ती वकिलाबरोबर आली. तिचं इंग्रजी उत्तम, जर्मनही कामापुरतं. तरी तिने मराठीच मागितली. "काकू, ऑफिसचं सगळं मला इंग्लिशमध्ये बोलता येतं," ती मला म्हणाली, "हे नाही येत." तेही मी भाषांतर करून सांगितलं.

तिने सांगितलं ते असं. रात्रभर बाळ झोपलं नव्हतं. सासूबाई आंघोळीला गेल्या आणि पुन्हा रडणं सुरू झालं. तिने बाटल्या उकळून शेगडी बंद केली होती. काच आता नुसती कोमट असेल असं वाटलं. गॅस असता तर ज्योत दिसली असती. इथे तापलेल्या काचेचा एक बारीक लाल दिवा असतो, तो तिने पाहिला नाही. हाताशी सुती जुनं काही नव्हतं, दुकानातून आणलेलं पुसायचं फडकं होतं, आत प्लास्टिकचा धागा असतो तसलं. ते तिने काचेवर टेकवलं आणि कडेने उचललं. "आई आधी स्वतःच्या गालाला लावून बघायच्या," मृणाल म्हणाली. "रोज बघायच्या. मी नाही बघितलं."

फ्राउ हार्टविग ह्यांनी तिला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारला. अपघात होता, तर घरातल्या सगळ्यांनी खोटं का सांगितलं? साध्या अपघातासाठी कुणी आरोप अंगावर घेतं का? वत्सलाबाईंनी सुनेला वाचवायला जे केलं, तेच आता सुनेविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा होऊन बसलं होतं. मृणाल म्हणाली, "आई म्हणाल्या, मी सांगते, तू गप्प राहा. आणि मी गप्प राहिले." बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, तुमच्याकडे वडीलधारी माणसं असं करतात का?

मी म्हटलं, मला भाषेबद्दल विचारा. मी शपथ भाषेची घेतली आहे, घराघरांची नाही.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि लिहू लागल्या. उत्तर माझ्या जिभेवर होतं. करतात हो, असंच करतात, म्हणायला किती वेळ लागला असता? पण मग मी साक्षीदार झाले असते, आणि दुभाषी उरले नसते.

हिवाळा गेला. न्यायवैद्यकाच्या तज्ज्ञांनी लिहून दिलं, की जखम अपघाताशीही जुळते आणि मुद्दाम दाबण्याशीही जुळते. चेरीची झाडं फुलून गेली. दुसऱ्या एका कामासाठी गेले असताना फ्राउ हार्टविग जिन्यात भेटल्या. प्रकरणाबद्दल बोलायला त्यांना मनाई होती, मलाही. त्या फक्त म्हणाल्या, "आधी खोटं ऐकलं की नंतरचं खरं तपासायला फार वेळ लागतो. आणि मूल तेवढ्यात मोठं होतं."

शेवटी फाइल बंद झाली. हेतू सिद्ध होण्याजोगा नाही. निष्काळजीपणा आहे, पण दोष किरकोळ, आणि खटला चालवण्यात समाजाचं काही हित नाही. काही आठवड्यांनी बाळही घरी आलं. मृणालने मला फोन केला, "काकू, काम म्हणून नाही, अशाच या."

मी गेले. अमोल ऑफिसला गेला होता. मुलगी आता बसायला लागली होती, चटईवर बसून एक लाकडी चमचा आपटत होती. पोटावरचा डाग अंगड्याखाली होता. मृणालने चहा केला आणि सरकारी निर्णय माझ्यासमोर ठेवून विचारलं, "ह्याचा अर्थ मी निर्दोष ठरले ना?"

"केस बंद केली," मी म्हटलं.

"ते कळलं हो. पण निर्दोष?"

मी तिला सांगितलं, की निर्दोष म्हणायचा अधिकार फक्त कोर्टाला असतो. आणि कोर्टात नेण्याजोगं काही नाही, म्हणूनच तर बंद केली.

तिने तो कागद घडी करून बाजूला ठेवला. "म्हणजे कोर्टात उभं केलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "निदान कुणीतरी मोठ्याने म्हणालं असतं. आई रोज फोनवर विचारतात, सुटलीस का? काय सांगू त्यांना?"

"सुटले म्हणून सांग."

"तिथे तसं लिहिलंय?"

"नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात चमचा मुलीच्या हातून निसटून कपाटाखाली गेला आणि ती रडायला लागली. आधी कुरकुर, मग मोठ्याने, हात वर करून. मृणाल तिच्यापासून दोन हातांवर होती. ती उठली, आणि तशीच उभी राहिली.

"घे ना तिला," मी म्हटलं.

"तुम्ही घ्या, काकू." ती मुलीकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "कुणी बघत असलं की मी घेत नाही. ती युगेंडआम्टची बाई समोर बसायची ना, तेव्हापासून. हात कसा धरलाय, किती जोरात धरलाय, सगळं बघायची."

मी चहा तसाच ठेवला. पर्स उचलली, बूट घातले, आणि दार ओढून घेऊन बाहेर जिन्यात थांबले. आतलं रडणं थांबायला बराच वेळ लागला.